दुसऱ्या वेळचं रडणं

ज्योतीबाईंनी नाव विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांच्या हातातला पेन अर्ध्यावर थांबला. आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या यादीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. जळगावातला मे महिना होता. खोलीतला कूलर घरघरत होता आणि त्याच्या ओलसर वाऱ्याने यादीचे कागद हलत होते. "सुनंदाअक्कांना दोन मुली होत्या का हो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, मी एकटीच. "मग हेमांगी तुम्हीच." मी मान हलवली. त्या उठल्या, कोपऱ्यातल्या माठातून पेलाभर पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं आणि मग तो पेला स्वतःच उचलून पिऊन टाकला. "ताई, राग मानू नका," त्या म्हणाल्या, "पण माझ्या यादीत तुम्ही वारलेल्या आहात."

मी हसले असावे. अशा वेळी माणूस हसतोच. आईला जाऊन सात महिने झाले होते. तिने चाळीस वर्षं जमवलेली गाणी या संस्थेच्या लोकसाहित्य विभागाने मागितली होती, आणि वारस म्हणून संमतीपत्रावर सही करायला मी, शिकवते त्या कॉलेजच्या सुट्टीत, आले होते. अर्ध्या तासाचं काम आहे असं मला फोनवर सांगितलं होतं. ज्योतीबाई शिरपूरकडच्या. वय पंचेचाळिशीचं, घरात अहिराणी बोलणाऱ्या, म्हणून आईची ध्वनिमुद्रणं ऐकून नोंदी करायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. पाच महिने त्या रोज आईचा आवाज ऐकत होत्या. त्यांनी यादी माझ्याकडे वळवली. चारशे बारा नोंदी. त्यांचं बोट दोनशे सतराव्या नोंदीवर होतं: 'रडणं. आवाज: सुनंदाबाई व इतर सहा स्त्रिया. निमित्त: मुलगी कै. हेमांगी हिचा मृत्यू. दि. १७ जून २०१६.' 'कै.' हे अक्षर मी आजवर शेकडो पत्रिकांवर, पाट्यांवर वाचलं असेल. स्वतःच्या नावाआधी ते बघताना मला सगळ्यात आधी वाटलं ते एवढंच, की नावाला ते शोभतंय.

"मी ऐकून लिहिलं," ज्योतीबाई म्हणाल्या. "आई रडतेय मुलीचं नाव घेऊन, दुसरं काय समजणार? मला दोन दिवस जेवण गेलं नाही. घरी मिस्टर म्हणाले, कोण वारलं ते तरी सांग." मग त्यांनी कानाला लावायचं यंत्र माझ्यापुढे सरकवलं आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

आपल्याकडे बायका मेलेल्या माणसावर चालीत रडतात, हे शहरात राहून विसरायला होतं. ते नुसतं रडणं नसतं. त्याला ओळी असतात, ओळीच्या शेवटी लांबवलेला सूर असतो, एकीचा श्वास संपला की दुसरी ती ओळ उचलते, आणि गेलेल्या माणसाचं चांगलं आणि वाईट त्याच्याच तोंडावर, म्हणजे आता ज्या तोंडाला ऐकू येत नाही त्यावर, सांगितलं जातं. आईचा आवाज मला कुठेही ओळखता आला असता. स्टेजवर गातानाचा, वर्गातला, आजारपणातला. हा आवाज त्यातला एकही नव्हता, आणि तरी तो तिचाच होता. 'हेमा व मनी आंडेर,' ती म्हणत होती, आंडेर म्हणजे मुलगी, 'शायामा धाडी तुले, मनीच बोली हिसकी लिधी, काय दिन्हं मी तुले.' शाळेत धाडलं तुला, माझीच बोली हिसकावून घेतली, मी दिलं तरी काय तुला. मागे सहा बायकांनी सूर धरला. मग पुन्हा आई: 'बठ्ठास्ना गाना गोया कऱ्यात, हेमा, तुनं एक बी नही.' सगळ्यांची गाणी गोळा केली, तुझं एकही नाही. माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या. मला वाटलं यंत्राच्या वायरीतून करंट येतोय, म्हणून मी ते काढून टेबलावर ठेवलं, तर मुंग्या तशाच.

"नियम असा आहे," ज्योतीबाई खिडकीकडून म्हणाल्या, "हयात माणसाचं नाव असेल तर त्याची लेखी परवानगी लागते. तुम्ही नाही म्हणालात तर हे एवढं एक काढून टाकू. कायमचं पुसतात, दुसरी प्रत ठेवत नाहीत. सोमवारी यादी पुढे जाते. तोवर सांगा." मी म्हटलं, सांगते. ऐकायला म्हणून त्यांनी ते माझ्या फोनवर घालून दिलं. जिना उतरताना मी पायऱ्या मोजत होते.

आईची काम करण्याची एक पद्धत होती. ती कुणालाही कधी 'गाणं म्हणून दाखवा' असं म्हणाली नाही. तिच्या मते गाणं गळ्यात नसतं, हातात असतं. तिची आई शिरपूरच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, खराब कापूस निवडायला जायची आणि त्या कामाची म्हणून गाणी होती, पण तीच बाई घरी पाटावर बसवून विचारलं तर एक ओळ आठवत नसे. म्हणून आई रविवारी जिनात जाऊन बायकांच्या रांगेत बसायची, कापूस निवडायची, दुपारपर्यंत नाकातोंडात तंतू जायचे, आणि मग कधीतरी शेजारची बाई आपसूक गुणगुणायला लागली की पदराखालचं यंत्र चालू करायची. अमळनेरच्या तेलगिरणीतल्या म्हाताऱ्या हमालांसाठी तिने भुईमुगाच्या रिकाम्या पोत्यांत भुसा भरून आणला होता, कारण पाठीवर वजन आल्याशिवाय त्यांना चाल सापडत नव्हती. सत्तरीतले उखर्डूनाना पोतं घेऊन अंगणात फेऱ्या मारत गात होते आणि त्यांची सून दारातून ओरडत होती, "अक्का, आमना म्हातारा मरी जाई तं तुम्ही भरी देशात का?" केळीचे घड ट्रकमध्ये चढवणाऱ्यांच्या आरोळ्या तिने रावेरकडे जाऊन आणल्या, तर खांद्यावर केळीच्या चिकाचे डाग घेऊन आली, ते कधी गेले नाहीत. एकच प्रकार, मला माहीत होतं तोवर, तिच्या संग्रहात नव्हता. मी कॉलेजात असताना विचारलं होतं, रडण्याचं काय, ते तर सगळ्यात जुनं. ती म्हणाली, "त्याला मेलेलं माणूस लागतं. आणि मयताच्या घरी मी यंत्र घेऊन जाणार नाही." विषय संपला होता. आता तो सुरू झाला. रिंगरोडवर रिक्षात बसल्या बसल्या मला दिसत होतं की पोत्यात भुसा भरावा तसं तिने त्या रडण्यात मला भरलं होतं. दुसऱ्याचं लेकरू ती कसं घेणार. घरचं होतं.

हे मनात आलं तेव्हा मला राग यायला हवा होता. राग आला नाही. नुसता धक्का बसून राहिला, दार बंद करताना बोट सापडतं आणि दुखणं सुरू व्हायच्या आधी जो एक क्षण असतो, तो क्षण लांबत गेला. घरी येऊन मी भात लावला. कुकरच्या शिट्ट्या मोजल्या नाहीत, भात करपला. मी तो तसाच खाल्ला आणि खाताना सहा वर्षांची असतानाचं जेवण आठवलं. धुळ्याला देवपुरात आम्ही राहायचो. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घरी कुणी साहेब आले होते. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "माय, माले भूक लागनी." आई उठून आत आली. तिने ताट वाढलं, माझ्यापुढे धरलं आणि खाली न ठेवता म्हणाली, "मला भूक लागली आहे. म्हण. दहा वेळा." मी म्हटलं. आठव्या वेळेला भूक गेली होती. त्याच संध्याकाळी तीन मजूर बायका आल्या आणि आई त्यांच्याजवळ जमिनीवर बसून वहीत लिहीत होती, एकेक शब्द परत विचारत होती, 'आहे'ला 'शे' म्हणाल्या की 'शे' लिहीत होती, आणि तिचा चेहरा असा उजळलेला होता की मी दारामागून बघत राहिले. त्या बायका जे बोलत होत्या तेच मी दुपारी बोलले होते. पुढे मी भरपूर वाचलं, मराठी शिकवायला लागले, लोक म्हणतात माझी भाषा स्वच्छ आहे. अहिराणी मला कळते. तोंडातून निघत नाही. जीभ तिथे येते आणि ताटाकडे बघते.

तारीख मला रात्री नाही, सकाळी दात घासताना लागली. सतरा जून दोन हजार सोळा. त्या वर्षी मी नाशिकला होते. छातीत डाव्या बाजूला गाठ लागली होती आणि चौदा जूनला डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला होता. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरून मी आईला फोन केला. रिपोर्टला आठ दिवस लागतील, मी म्हटलं.  ती म्हणाली, "बरं. आला की कळव. जेवलीस का?" मी जेवले म्हणून सांगितलं आणि तिने फोन ठेवला. ते आठ दिवस मी एकटीने काढले. ती आली नाही, रोज फोन केला नाही. रिपोर्टमध्ये वाईट काही निघालं नाही, तेही मी कळवलं, तेव्हाही ती "बरं" एवढंच म्हणाली. आठ वर्षं मी ती दोन 'बरं' जवळ ठेवली होती. आता त्यांच्या मधोमध सतरा तारीख येऊन बसली. मी तिकडे रिपोर्टची वाट बघत असताना आई इकडे सहा बायका जमवून माझ्यावर रडत होती, आणि यंत्र चालू होतं. बेसिनचा नळ तसाच वाहत राहिला. 

शनिवारी मी चोपड्यावरून शिरपूरची एसटी धरली. कुठे जायचं हे ठरवावं लागलं नाही. आईची गाणी निम्मी तिच्या जुन्या मैत्रिणीच्या, भिकुबाईंच्या गावची होती, शिरपूरच्या अलीकडे, आणि मागच्या ओळी उचलणाऱ्या आवाजांत एक चिरका, सगळ्यांच्या वर जाणारा आवाज भिकुबाईंचा होता, तो मला आईच्या अंत्ययात्रेपासून ओळखीचा. त्या दिवशी त्या गावाहून टेम्पोने बायका घेऊन देवपुरात आल्या होत्या. दारातच त्यांनी सुरुवात केली, माझ्या गळ्यात हात घातला, एक ओळ म्हटली आणि थांबल्या. सगळ्या थांबल्या. पुढची ओळ मुलीची असते. मी उभी होते. इतक्या बायका श्वास धरून माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि माझ्या तोंडात काही नव्हतं. मग मागून कुणीतरी, दोष न देता, नुसती माहिती द्यावी तसं म्हणालं, "शिकेल पोर शे. तिले येत नही." आणि भिकुबाईंनी माझी ओळ म्हणून टाकली. एसटीच्या खिडकीची सळई तापलेली होती. तापी ओलांडताना बाहेर केळीच्या बागा आल्या, वाळलेली पानं खाली लोंबत होती, आणि मी फोन पिशवीतून काढून परत ठेवला, असं तीनदा.

भिकुबाई अंगणात शेवग्याच्या सावलीला खाटेवर बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढे, पण नजर टोचणारी. मी पाया पडले. "मायना चेहरा शे तुना," त्या म्हणाल्या, "पन तिले इतला घाम नही येत व्हता." सुनेने चहा आणला. मी आल्याचं कारण सांगितलं, यादीतली नोंद सांगितली, 'कै.' सांगितलं. भिकुबाईंनी सुनेला हाक मारली. "डिंपल, देख व. मरेल बाई च्या पेस." मेलेली बाई चहा पितेय हे ऐकून सून तोंडाला पदर लावून आत पळाली. मला त्यांच्यासमोर अहिराणी बोलवेना आणि मराठी बोलायची लाज वाटली, म्हणून मी न बोलता फोन त्यांच्या कानाशी धरला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. आईची ती बोलीची ओळ आली, तेव्हा त्यांनी हाताने फोन बाजूला केला.

"हाई दुसरं शे," त्या म्हणाल्या.

"दुसरं म्हणजे, मावशी?"

"दुसरी येळनं. पहिलं यामा नही."

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी आई भर दुपारी मोटारीने आली. पाणी प्यायली नाही. दारातूनच म्हणाली, "भिकु, मनी हेमाना डोकावर कावया बसना, नाशिकले. बायास्ले बलाव."  कावळा डोक्यावर बसला की त्या माणसाचं मरण जवळ आलं असं आमच्याकडे मानतात, आणि त्यावर उपायही असतो: तो माणूस मेला अशी खोटी खबर द्यायची, जवळच्यांनी त्याच्यावर खरं खरं रडायचं. रडणं ऐकून मरणाला वाटतं, इथलं काम झालं. ते परत जातं. आईने आयुष्यभर शाळेत पोरांना आणि गावात बायकांना शिकवलं होतं की असलं काही नसतं.

"आम्हले हसूच उनं," भिकुबाई म्हणाल्या. "मी म्हनं, अक्का, तूच म्हनस ना, कावया पाखरू शे, त्याले काय समजस? तं मनावर खेकसनी. म्हने, तुले बलाव म्हनं ना. मंग बलावं. सहा जन्या जमनूत, ती सातवी. पहिली ओळ तिनी म्हनानी, आंडेर तिनी शे. तिनी तोंड उघाडं. हेमा म्हनं. मंग काहीच नही. परत हेमा. बस तितलंच. जीले इतला गाना येतस, तिले एक शब्द सुचना नही. जमीनवर हात आपटे आनि हेमा म्हने. आम्हीच रडनूत तिना बदलामा. दिवस कलंडना तथलोंग."

"दिवस कलंडेपर्यंत? आणि यंत्र?"

"ऐक ना. मंग ती उठनी. तोंड धवं. म्हने, च्या करा. च्या पिनी. आनि थैलीमाईन मशीन काढं. म्हने, बाया व्हा, आते एक डाव परत. मनी ओळ चुकनी व्हती." भिकुबाईंच्या सुरकुत्यांत हसू आलं आणि तिथेच राहिलं. "आम्ही म्हनं, कावया तं गया, आते कशाले? तं म्हने, हाई ऱ्हावाले पायजे. तुम्ही नही ऱ्हाशात, मी बी नही ऱ्हाव. आनि मंग अशी रडनी माय, अशी रडनी, एकेक ओळ मोतीनामायक. सुपडूनी सासू चक्कर ईसन पडनी."

मी कपातल्या चहाकडे बघत होते. त्यावर साय धरली होती. चौदा तारखेला पायऱ्यांवरून केलेल्या फोनमध्ये मी 'गाठ' म्हटलं होतं. कावळा मी म्हटला नव्हता, कावळा कधीच आला नव्हता. आईने तीन दिवस तो शब्द जवळ ठेवला असेल, रिकाम्या घरात, वह्यांच्या कपाटाजवळ, आणि मग मोटारीत बसली असेल. गाठीवर तिच्याकडे काहीच नव्हतं. कावळ्यावर उपाय होता, आणि तो करणाऱ्या बायका तिला माहीत होत्या. तो उपाय खोटा आहे हे त्या सातजणींत सगळ्यात जास्त तिलाच माहीत होतं. मी म्हटलं, "मावशी, कावळा नव्हता. मला गाठ झाली होती." माझा आवाज वर्गातल्यासारखा निघाला.

"कावया नव्हता हाई आम्हले तव्हयच समजनं," भिकुबाई म्हणाल्या. "कावयासाठे कोनी इतलं थरथरस नही." त्यांनी माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला, मग तो खाली, गाठ कुठे होती ते विचारल्यासारखा, थोडा थांबला, आणि काढून घेतला.

त्या आत गेल्यावर मी अंगणात बसून पुन्हा ते ऐकलं. या वेळी मला कळलं की आई श्वास कुठे घेतेय ते ऐकू येतं. ओळ सुरू करण्याआधी ती नीट श्वास भरून घेत होती, स्टेजवर घ्यायची तसा, पोटातून. ओळ कुठे तुटायला हवी, बायकांना कुठे जागा द्यायला हवी, सगळं जागच्या जागी होतं. ती बोलीची ओळ, जिने मला दोन दिवस झोप दिली नव्हती, तीसुद्धा तिने चहा पिऊन झाल्यावर बांधली होती. ती खोटी होती असं मला म्हणता येईना. पण आता ती माझ्यावर पडत नव्हती. ती यादीत असण्याजोगी होती. माझी ओळ दुसरीकडे, पहिल्या रडण्यात होती, तिला चालही नव्हती, आणि ती ऐकलेल्या सहा बायकांतल्या किती उरल्या होत्या हे मी विचारलं नाही.

सोमवारपर्यंत थांबायचं कारण नव्हतं. मी तिथूनच ज्योतीबाईंना फोन लावला. शनिवार असूनही त्या ऑफिसात होत्या.

"ठेवा ते," मी म्हटलं. "सही सोमवारी येऊन करते."

"नक्की ना ताई?" त्यांच्या मागे कूलर ऐकू येत होता. "मग नोंद बदलावी लागेल. निमित्त काय लिहू?"

"मुलीच्या डोक्यावर कावळा बसला."

त्या शिरपूरकडच्या होत्या. त्यांना समजायला वेळ लागला नाही. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, आणि मग लिहिण्याचा आवाज आला. "खरंच बसला होता? पुढे कुणी अभ्यासाला घेतलं तर विचारतील म्हणून विचारते."

"आईने तसं सांगितलं होतं. तिने सांगितलेलं लिहा. आणि शेऱ्यात लिहा, हे दुसऱ्या वेळचं रडणं आहे. पहिल्या वेळचं ध्वनिमुद्रण नाही."

"ध्वनिमुद्रण नाही," त्यांनी लिहिता लिहिता म्हटलं. मग लिहिण्याचा आवाज थांबला. "शब्द तरी कुणाला आठवत असतील ना? निदान पहिली ओळ? तेवढी टिपून ठेवली असती."

"ओळ नव्हती. एकच शब्द होता."

"तो सांगा मग. कोणता?"

मी सांगायला तोंड उघडलं. आत डिंपल भांडी घासत होती, शेवग्याची पिवळी पानं खाटेवर पडत होती, आणि मला माझं नाव सांगता येईना.